कोरड्या माळावरचं पाणी

१

पहिल्याच खड्ड्यात काठोकाठ पाणी होतं. उन्हाळा ऐन भरात, शेळीला चघळायला हिरवी काडी नाही असा तो माळ, आणि खड्ड्यातलं पाणी इतकं स्वच्छ की वाकून बघणाऱ्या नियोजन समितीच्या अध्यक्षांचा चेहरा त्यात लख्ख दिसत होता. चेहरा संतापलेला होता.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या खड्ड्याशी गेलो, तोही भरलेला. त्याच्या पुढचाही. समितीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी नकाशाची गुंडाळी छातीशी धरून मागे उभी होते, आणि माझ्या शेजारी आमचा माती तपासणारा इंजिनियर पांढराफटक पडला होता.

तेव्हा मी नियोजन कार्यालयात नकाशे रंगवायचं काम करायचे. हल्ली माझी नात संगणकावर एक कळ दाबते आणि अख्खं शहर रंगून निघतं. आमच्या वेळी ब्रश होता, बशीत कालवलेला रंग होता आणि श्वास रोखून धरायची सवय होती. घरांची जमीन पिवळी, कारखाने जांभळे, मोकळी जागा हिरवी. सगळ्यात जास्त लागायचा पिवळा. तो माझ्या नखांत असा बसला होता की कचेरीत माझं नावच ‘पिवळी’ पडलं.

आमच्या गावात नवा कारखाना आला होता आणि मागोमाग माणसं. गाव म्हणता म्हणता फुगलं. येत्या काही वर्षांत घरं किती लागतील याचा अंदाज करायचा आणि तेवढ्या घरांसाठी जमीन आधीच राखून ठेवायची, हे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण जमीन नुसती असून भागत नाही. ती मालकानं द्यायला हवी, तिथवर रस्ता न्यायला हवा, आणि तिच्यावर घर उभं राहून टिकायला हवं. सगळीकडे फिरून, डोकं फोडून, आमच्या अधिकारी बाईंनी गावाच्या पूर्वेचा हा उतरता माळ निवडला होता. मातीवाल्यानं रस्त्यापासून खालपर्यंत ओळीनं मांडीइतके खोल, अरुंद खड्डे घेतले होते. अहवालात लिहिलं होतं, जमीन कोरडी, भरभक्कम, घरांना योग्य.

आणि आता हे पाणी.

अध्यक्षांना आम्ही ‘तराजू’ म्हणायचो. कारण त्यांचं प्रत्येक बोलणं ‘एका बाजूनं बघितलं तर’ असं सुरू व्हायचं. त्या दिवशी मात्र ते एकदम म्हणाले, “माळ बाद. खालून पाणी वर येतंय, इथं घरं बांधली तर भिंती तडकतील. आणि ज्यानं हा अहवाल लिहिला, त्याला आजपासून घरी बसवा.”

माळ बाद झाला की उरत होती नदीपलीकडची सखल जमीन. ती सगळी एका बिल्डरची. तिथलं घर घेणं कारखान्यातल्या साध्या कामगाराच्या बापजन्मी शक्य नव्हतं. आणि माझी सख्खी मोठी बहीण, माझी ताई, अशाच कामगाराची बायको होती. माल ठेवायच्या जुन्या शेडमध्ये पत्र्याचा आडोसा करून राहत होती. आडोशापलीकडचा माणूस रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून ताईची छोटी मुलगी बोलायला शिकली तीच मुळी कुजबुजत. घरासाठी नाव नोंदवलेल्यांत ताईचं नाव बरंच वर होतं. या माळासाठीच ती थांबली होती.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “हे पाणी वर आलेलं नाही. कुणीतरी ओतलंय.”

२

बाई म्हणजे आमच्या नियोजन अधिकारी. बुटक्या, कॅनव्हासचे बूट घालून फिरणाऱ्या. त्यांना राग आला की हसू यायचं, त्यामुळे त्यांच्या हसण्याला आम्ही सगळे टरकून असायचो. त्या वेळी त्या हसत होत्या.

“ओतलंय कशावरून?” अध्यक्षांनी विचारलं.

“खाली चला, दाखवते.”

उतारावरून आम्ही शेवटच्या खड्ड्यापर्यंत गेलो. खालचे सगळे खड्डे ठणठणीत कोरडे होते.

“जमिनीतलं पाणी असतं तर आधी खालचे भरले असते,” बाई म्हणाल्या. “हे वरचे भरलेत. रस्त्यालगतचे. तुमची गाडी जिथं थांबणार होती, तिथले.”

“एका बाजूनं बघितलं तर पटतंय,” तराजू हलला. “पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर वर एखादा चिकणमातीचा थर असू शकतो. पाणी तिथंच अडत असेल.”

“मग थर दाखवा ना,” मातीवाला कळवळून म्हणाला. “मी खणलंय साहेब, स्वतः उभं राहून खणून घेतलंय.”

“तू बोलू नकोस. बाई, ओतलं म्हणता ना? मग ओतणारा आणा. संध्याकाळी बैठक आहे, माळ ठेवायचा की काढायचा ते तिथं ठरेल. नुसत्या तर्कावर मी सही करत नसतो.”

गाडी धूळ उडवत गेली. मातीवाला खड्ड्याच्या काठावर मटकन बसला. त्याला कचेरीत ‘ढेकूळ’ म्हणायचे, आणि बिचारा त्या नावाला ओ द्यायचा. नुकतंच लग्न झालं होतं, बायकोला दिवस गेले होते.

“ढेकळा, तू तळाला खडी टाकली होतीस का रे?” बाईंनी विचारलं.

“खडी? नाही. कशाला टाकू?”

बाई पोटावर पालथ्या पडून खड्ड्यात हात घालत होत्या. खांद्यापर्यंत भिजलेला हात वर आला तेव्हा मुठीत धुतलेले, गोलसर खडे होते. मग त्यांनी बोटं चाटली.

“अहो बाई!” मी ओरडले.

“ओरडतेस काय? तूही चाट.”

मी जिभेला बोट लावलं. पाण्याला किंचित औषधाचा वास होता. ओळखीचा वास होता, पण कुठला ते मला चटकन आठवेना.

“पिवळे,” बाई साडी झटकत उठल्या, “ज्याला हा माळ नासवायचा होता, त्यानं खाली खडी का अंथरली असेल? पाणी गढूळ होऊ नये म्हणून? घाण करायला आलेला माणूस इतकी काळजी घेतो होय?”

३

पहिला संशय अर्थातच बिल्डरवर. त्याच्याकडे पाण्याचे टँकर होते आणि माळ बाद झाला तर फायदाही त्याचाच होता. त्याच्या थंडगार कचेरीत काचेच्या पेटीत नदीकाठच्या घरांची चिमुकली प्रतिकृती ठेवली होती, कापसाची झाडं वगैरे लावून.

“या बाई! मला वाटलंच तुम्ही येणार,” तो हसत म्हणाला. “माळावर झरा लागला म्हणे. अभिनंदन!”

“बातमी फार लवकर पोचली.”

“समितीतला एकजण माझा साडू. पोचणारच. सरबत घेणार?”

“आधी सांगा, टँकर कुठं भरता?”

“नदीवर. अजून कुठं? नळाचं पाणी कोण देतंय मला? माझं पाणी बघा हवं तर, चहासारखं दिसतं. काँक्रीटला चालतं.” मग तो खुर्चीत पुढे झुकला. “बाई, मी काही साधुसंत नाही. ती जमीन तुमच्या नकाशातून जावी असं मला मनापासून वाटतं. पण मी केलं असतं तर सगळे खड्डे भरले असते. अर्धंमुर्धं काम मला आवडत नाही.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “लबाड बोलतोय.”

“लबाड आहेच तो,” बाई म्हणाल्या. “पण आत्ता खरं बोलला. टँकर आला असता तर रस्त्याकडेच्या मऊ मातीत चाकं उमटली असती. मी बघितलं, तिथं फक्त अध्यक्षांच्या गाडीची होती. आणि टँकरवाल्याचं पाणी अर्ध्यात संपत नाही.”

दुसरा संशय माळाच्या मालकावर. माळाच्या टोकाला म्हातारबुवांची खोपटी होती. शेळ्या पाळायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचे. माळ द्यायला कबूल झाले होते, पण किती कुरकुर करून!

“तुम्हाला इथं वस्ती नकोच होती ना आजोबा?” बाईंनी सरळ विचारलं.

“कोण म्हणतं? मी म्हणालो मला कटकट नको. वस्तीला ना नाही.”

“वस्ती आली की कटकट आलीच.”

“मग आली तर आली! इथं दिवसभर शेळ्यांशी बोलून बोलून माझी मान त्यांच्यासारखी हलायला लागलीय.” त्यांनी खरोखरच मान हलवून दाखवली. मला हसू फुटलं तसे ते माझ्यावर डाफरले, “हसतेस काय? एकटी राहून बघ.”

“सकाळी काही दिसलं का?”

“या डोळ्यांनी मला माझा हात दिसत नाही. पण शेळ्या गेल्या होत्या त्या पाण्यावर. इतक्या तहानलेल्या, तरी तोंड लावलं नाही. हुंगलं आणि फिरल्या मागं. माझ्या विहिरीचं पाणी असं ढसाढसा पितात, आणि ते मात्र नको.”

बाई एकदम थांबल्या. त्यांनी आजोबांच्या विहिरीचं पाणी मागून घेतलं, घोटभर प्यायल्या आणि उरलेलं मला दिलं. गोड, गार. कसलाही वास नव्हता.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. ऊन कलायला लागलं होतं. मी ढेकळाचा विचार करत होते, आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त ताईचा.

“नदीचं पाणी गढूळ. म्हाताऱ्याच्या विहिरीला वास नाही,” बाई मोठ्यानं बोलल्या. “शेळ्यांना न आवडणारं औषध कुठल्या पाण्यात असतं, पिवळे?”

“नळाच्या,” मी म्हणाले. तो वास मला आता आठवला होता. ताईच्या माठातल्या पाण्याला तोच वास यायचा.

“माळाला सगळ्यात जवळचा नळ कुठला?”

मी नुसती पायांकडे बघत चालत राहिले.

“तुझी ताई शेडमध्ये राहते ना ग?” बाई हळूच म्हणाल्या. “चल. तिच्याकडे जरा बसायला जाऊ.”

४

शेडसमोरच्या मोकळ्या जागेत सगळ्यांचा मिळून एक नळ होता. दिवसातून एकदा, पहाटे पाणी यायचं, आणि मग दिवसभर हंडे-बादल्यांची राखण. नळाखाली बायकांनी खडी पसरली होती, भांड्यांच्या बुडाला चिखल लागू नये म्हणून. धुतलेले, गोलसर खडे. मी ते शंभरदा बघितले असतील. त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

आणखीही काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळायला क्षणभर गेला. शेडसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधलेल्या होत्या. एरवी तिथून जायचं तर ओल्या चादरी तोंडावरून बाजूला सारत जावं लागायचं. आज दोऱ्या रिकाम्या होत्या. कडकडीत उन्हाचा दिवस, आणि एकाही घराचं धुणं नाही.

बाईंनी दोऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“अय्या, तू? आणि बाईसुद्धा!” ताई लगबगीनं दारात आली. “या, या ना. अहो सासूबाई, ती चटई सरकवा.”

आडोशापलीकडे रात्रपाळीवाला घोरत होता, म्हणून सगळं बोलणं दबक्या आवाजात. ताईनं बाईंना एकुलत्या खुर्चीवर बसवलं, पंख्यासारखा पुठ्ठा हातात दिला, छोटीला ‘नमस्कार कर’ म्हणाली. छोटीच्या गालांवर कालची धूळ तशीच होती. ताईच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

“हाताला काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही ग. बादलीची कडी लागली.”

सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. ताई उठली, माठाकडे गेली, झाकणाला हात लावला आणि तशीच परत येऊन बसली. आमच्या आईनं आम्हाला दुसरं काही शिकवलं नसेल, पण दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं हे शिकवलं होतं. ताईनं ते आजवर कधी चुकवलं नव्हतं.

“खूप चालून आलोय,” बाई म्हणाल्या. “पाणी नाही पाजणार का?”

ताईनं मान खाली घातली.

“नाहीये,” ती म्हणाली.

“ते माळावर आहे,” बाई म्हणाल्या. “हो ना?”

५

“मी सांगितलं होतं हिला,” सासूबाईच आधी बोलल्या, आणि चक्क अभिमानानं. “खाली खडी टाका म्हणून. गढूळ दिसलं असतं तर साहेब म्हणाले असते, पाणी आहे पण नासकं आहे.”

“सासूबाई!”

“लपवायचं काय त्यात? चोरी केली का आपण? आपलंच पाणी होतं.”

मी ताईचा हात धरला. “ताई, का केलंस ग तू हे? घर नको होतं का तुला?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी आहे. “नको होतं? अगं, हवं होतं म्हणून तर केलं!”

मग ती सांगायला लागली. कुजबुजत, पण भरभर.

“तुमची माणसं खड्डे खणून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही बायका बघायला गेलो. एकेका खड्ड्यात वाकून बघितलं. सगळे कोरडे. थेंब नाही. आधी आम्ही टेकडीखाली राहायचो, आठवतं ना? तिथली विहीर आटली आणि कचेरीतून माणूस आला. म्हणाला, पाणी नाही तिथं वस्ती ठेवता येत नाही, उठा. उठलो. त्याच्याआधी कारखान्यामागं होतो, तिथंही तेच. जन्मात मी कुणाला खड्डा खणताना बघितलं ते पाण्यासाठीच. म्हटलं, साहेबलोक येणार, कोरडे खड्डे बघणार, म्हणणार इथं काही राम नाही, आणि माळ सोडून देणार. म्हणून पहाटे पाणी आलं तसं एकेक जण निघालो. जमेल तेवढं नेलं. वरचेच खड्डे भरले, खालच्यांना पुरलं नाही. साहेब वरच येतील म्हटलं.” ती थांबली. “का? नाही आवडलं त्यांना?”

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं हसतायत. हसत नव्हत्या.

“अगं बाळा,” त्या म्हणाल्या, “आम्ही तिथं पाणी नाही ना, हे बघत होतो. घराखालची जमीन कोरडी लागते. नळ आम्ही दुसरीकडून आणतो.”

ताईला समजायला वेळ लागला. मग तिचा चेहरा जो उतरला तो मला आजही डोळ्यांसमोर दिसतो.

“म्हणजे आम्हीच...”

“मला सकाळपासून एवढंच उमगत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “पाणी नळाचं, म्हणजे बिल्डर नाही आणि म्हातारबुवा नाहीत. अर्ध्यात संपलं, म्हणजे भांड्याभांड्यानं नेलेलं. एकट्यादुकट्याचं हे काम नाही. आणि खडी. नासवायला आलेला माणूस खडी टाकत नाही. म्हणजे ज्यानं ओतलं त्याला तो माळ छान दिसायला हवा होता. छान दिसायला हवा असं कुणाला वाटेल? तिथं राहायला जाणाऱ्याला. पण राहायला जाणारा पाणी कशाला ओतेल? तिथं माझं डोकं चालेना. मी आजवर इतकी घरं मोजली, पण बादली घेऊन नळावर उभी राहिले नाही ना कधी.”

“आता काय होणार?” सासूबाईंचा अभिमान कुठल्या कुठे गेला होता.

“खरं सांगते. चाचणीत ढवळाढवळ केली तर घराच्या नोंदणीतून नाव काढतात. नियमच आहे. मी नावं सांगितली तर तुमची घरं जातील. नाही सांगितली तर माळ जाईल, म्हणजे सगळ्यांचीच घरं जातील. शिवाय आमचा मातीवाला हकनाक घरी बसेल. त्याच्या बायकोला दिवस गेलेत.” बाईंनी कपाळ चोळलं. “मला जरा विचार करू द्या.”

ताई उभी राहिली. केसांवरून हात फिरवला, फडकं घट्ट बांधलं.

“विचार कसला?” ती म्हणाली. “कुठं यायचं तेवढं सांगा.”

६

बाईंनी बैठक कचेरीत भरू दिली नाही. अध्यक्षांना, समितीला आणि ढेकळाला त्यांनी माळावरच बोलावलं, ऊन उतरायच्या आत. बिल्डर बोलावणं नसताना आला.

“ओतणारा सापडला?” अध्यक्षांनी गाडीतून उतरता उतरता विचारलं.

“मी,” ताई म्हणाली. “मी ओतलं.”

तिनं सगळं सांगितलं. कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही. तिचा आवाज इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. माळावर कुजबुजायचं कारण नव्हतं ना. शेडमधल्या बायका रस्त्यापलीकडे घोळक्यानं येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

“एकटीनं?” अध्यक्षांनी विचारलं.

“एकटीनं.”

अध्यक्षांनी खड्ड्यांची ओळ बघितली, मग पलीकडचा घोळका बघितला. कुणाच्या हाताला फडकं, कुणी खांदा चोळतंय. ते काही बुद्दू नव्हते.

“बरीच ताकद आहे तुमच्यात,” ते म्हणाले.

बिल्डर हसला. “गोष्ट छान आहे. पण साहेब, या बाईनं पाणी ओतलं म्हणून खालून पाणी येतच नाही असं सिद्ध होतं का? दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.”

“बरोबर बोलतायत ते,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर इथं बोलावलं. ढेकळा, बघ रे आत.”

ढेकूळ पहिल्या खड्ड्यावर वाकला. मग दुसऱ्यावर. मग तो धावायलाच लागला. शेवटी खड्ड्यात पाय सोडून आत उतरला, मूठभर खडी आणि माती वर काढली आणि अध्यक्षांच्या हातात ठेवली. माती ओलसर होती, बस्स. पाणी कुठेच नव्हतं.

“सकाळी काठोकाठ होतं, तुम्ही चेहरा बघितलात त्यात,” बाई म्हणाल्या. “खालून येणारं पाणी असतं तर अजून तसंच उभं असतं. चिकणमातीचा थर असता तरी अडलं असतं. या जमिनीनं ते दिवसभरात पिऊन टाकलं. पाणी किती चटकन मुरतं, ही चाचणी आम्ही पुढच्या महिन्यात करणार होतो, पैसे खर्चून. तुमच्या डोळ्यांदेखत झाली. घरांना याहून चांगली जमीन या गावात नाही.”

बिल्डरनं खांदे उडवले आणि गाडीकडे वळला. जाता जाता ताईला म्हणाला, “माझ्याकडे कामाला या. तुमच्यासारखी माणसं नाहीत माझ्याकडे.”

“घर द्याल?” ताईनं विचारलं. तो नुसताच हसला.

अध्यक्षांनी हातातली माती बोटांत चुरून बघितली. “माळ राहील,” ते शेवटी म्हणाले. ढेकळाकडे बघून म्हणाले, “तू उद्या कामावर ये.” पलीकडे एक बाई मोठ्यानं रडायला लागली आणि दुसरीनं तिला गप्प केलं. मग अध्यक्ष ताईकडे वळले. “पण नियम नियम आहे. मी तो गुंडाळून ठेवला तर उद्या हा बिल्डरच त्याचा फायदा घेईल. तुमचं नाव काढत नाही. शेवटी टाकतो. सगळ्यांच्या मागं.”

मी तोंड उघडलं. बाईंनी माझा दंड दाबला.

ताईनं फक्त मान हलवली. “चालेल,” ती म्हणाली.

घरी जाताना मी रस्ताभर रडले, आणि ती माझी समजूत घालत होती. ती तशीच होती. लहानपणी मी पडले तरी तीच खरचटून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी ताई आमच्या कचेरीत आली. इतकी वर्षं मी तिथं कामाला होते, पण ती पहिल्यांदाच आली. मी माळ रंगवायला घेतला होता. पाण्यानं कागद आधी भिजवून घेतला की रंग सारखा पसरतो. तो पसरताना ती माझ्या खांद्यावरून बघत राहिली. गावाच्या कडेला पिवळा रंग हळूहळू मोठा होत गेला.

“यात घरं कुठायत?” तिनं विचारलं.

“घरं नाही काढत ग यात. नुसती जागा. वाळला की कडेनं काळी रेघ मारायची, म्हणजे कळतं वस्ती इथं संपली.”

“आमचं शेवटचं. म्हणजे कुठं येईल?”

मी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. मला फार वाईट वाटलं, म्हणून ब्रश उचलून म्हटलं, “थांब, तुझं एक घर काढतेच. लहानसं. अध्यक्षांना दिसणारसुद्धा नाही.”

“नको ग,” ताई म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. कारखान्याच्या फाटकाशी कुणी नवं कुटुंब सामान घेऊन उतरत होतं. एक गादी, एक ट्रंक, कडेवर तान्हं मूल. “शेवटचं म्हणून काढू नकोस. अजून माणसं यायचीच आहेत. त्यांना वाटेल, इथं आता जागा नाही.”

बाई त्यांच्या टेबलाशी काहीतरी लिहीत होत्या. लिहायच्या थांबल्या. उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, आणि बराच वेळ तो ओला पिवळा रंग बघत राहिल्या.

“पिवळे,” त्या म्हणाल्या, “त्या बाजूला काळी रेघ मारू नकोस अजून.”